इंदूचा फोन मोजणीतून काढताना

इंदू,

परवा निलेश आला होता. ओसरीवर बूट काढता काढताच त्यानं विचारलं, "मोठ्या मॅडम, आपल्या मॅडमचा फोन आता मोजणीतून काढून टाकू ना?" विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो बुटाची सोडलेली नाडी परत बांधायला लागला. मी म्हटलं, "आधी आत ये, चहा घे. फोन कुठे पळून जात नाही."

तो खरंच कुठे गेलेला नाही. तुझ्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, तू ठेवायचीस तसाच उताणा पडलेला आहे. तू गेल्यापासून मी तो रोज चार्ज करत आले. का, ते विचारू नकोस. आपल्या टोलीत, या एवढ्याशा वस्तीत, घरं दहा आणि टेकडीवरच्या नेटच्या पाटीच्या हिशेबात फोन अकरा, तो अकरावा तुझा. तेरावं झालं, पाहुणे गेले, तुझ्या साड्या मी वाटून टाकल्या. फोनला मात्र हात लावला नाही.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत मुग्धा आणि ईशान. टोरांटोत बसून त्यांना मराठी वाचायला कष्ट पडतील, पडू देत. दर रविवारी आजीचा चेहरा पडद्यावर मध्येच का थिजतो, हे त्यांना एकदा नीट कळायला हवं, कारण ते आता तसंच राहणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मले लिहून राहिली आन् पत्ता पोट्ट्याइचा टाकून राहिली, वा वहिनी!" म्हण. ऐकून घेते.

मागच्या हिवाळ्यात तूच त्यांना पाटी समजावून सांगितली होतीस. शाळेत आणि ग्रामपंचायतीत तारेनं नेट आलं, पण मध्ये टेकडी. टेकडीच्या अलीकडे आपली टोली, खोलगट जागी, झाडांत. शाळेच्या छतावरून निघालेली नेटची लाट टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत यायची आणि तिथून आभाळात निघून जायची. तू निवृत्तीनंतर तुझ्या तंत्रनिकेतनातला जुना विद्यार्थी, हा निलेश, शोधलास, त्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ती पाटी उसनी आणलीस आणि टाकीच्या अंगाला बसवलीस. दाराएवढी पाटी, तिच्यावर तांब्याचे लहान लहान चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला एक बारीक स्विच. स्विच एका बाजूला असला की आलेली लाट आहे तशी परत जाते. दुसऱ्या बाजूला असला की उलटी होऊन जाते. याहून जास्त त्या चौकोनाला काही येत नाही.

मुग्धा म्हणाली होती, "मग त्यानं काय होतं?"

तू म्हणालीस, "धानाची रोवणी पाह्यली का तू? बाया एका ओळीत वाकून मागं मागं सरकतात. साऱ्याइचा हात एका वेळी चिखलात गेला तं बांधी भराभर भरते. एकीचा हात वर आन् दुसरीचा खाली, तं नुसते कोपरं लागतात." कोणत्या चौकोनानं लाट सरळ पाठवायची आणि कोणत्या चौकोनानं उलटी, हे बरोबर ठरवलं की एखाद्या खिडकीशी सगळ्या लाटा एका हाताच्या होऊन पोचतात, आणि तिथे नेट लागतं. कोण सरळ, कोण उलटं, या ठरवण्याला तू जुळणी म्हणायचीस. पाटी स्वतः काही बोलत नाही, दुसऱ्याचं बोलणं वळवून देते.

"आजीसारखी!" ईशान म्हणाला.

"नाही रे बावा," तू म्हणालीस. "तुझी आजी मधात आपलंही घालते."

घालते. म्हणून तर तुझ्याशी भांडण झालं. ते अर्धवट राहिलं, आणि माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

खिडकी एक असती तर काही प्रश्नच नव्हता. पण खिडक्या दहा आणि पाटी एक. जी जुळणी आपल्या घराला लागते, तिच्या लाटा टोलीच्या शेवटाला, पार्वताच्या घरी, एकमेकींच्या पायात पाय घालून येतात. तिला लागावी म्हणून चौकोन फिरवले की आपल्या घरी फोन मुका होतो. कोणाचं किती राखायचं, हे कोणीतरी ठरवायचं होतं.

शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्या सवयीनं मी वेळापत्रक केलं. शाळेत प्रयोगशाळा एक आणि वर्ग सात असले की काय करतात? तास लावतात. प्रत्येक घराला त्याचा त्याचा तास, त्या वेळी पाटी पूर्णपणे त्या घराची. नीट आखून फ्रिजवर लावलं. तू चष्मा कपाळावर ढकलून वाचलंस आणि म्हणालीस, "वहिनी, तू टोलीची शाळा करून राहिली. पार्वताच्या नवऱ्याचा ट्रक तुया तासाले कोहमाऱ्याले थांबंन का?"

पार्वताचा नवरा रायपूरकडे माल नेतो. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवायला थांबला की तिला फोन करतो, आणि कधी थांबेल ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. एवढं एकच वाक्य बोलून तू माझं वेळापत्रक उतरवलंस. चुंबक मात्र तसाच राहिला फ्रिजवर.

मग निलेशनं त्याच्या कॉम्प्युटरवरून सगळ्या घरांची मिळून बेरीज सर्वांत मोठी होईल अशी जुळणी काढली. टाकीजवळच्या घरांना असं नेट आलं की विचारू नकोस. आपल्यालाही आलं. मुलांचे चेहरे काचेसारखे स्वच्छ दिसले. पार्वताकडे मात्र काहीच नाही. मी म्हटलं, "इंदू, एका घराचं गेलं, पण एकूण बघ किती वाढलं."

"बेरीज कोन्या घरी राह्यते, वहिनी?" तू विचारलंस. "नंबर दे तिचा. लावून पाह्यते."

तुझी पद्धत वेगळी. सर्वांत कमी कोणाला मिळतं ते आधी बघायचं, त्याला थोडं वर काढायचं. पुन्हा बघायचं, आता सर्वांत कमी कोणाला. पुन्हा त्याला. असं करत करत जिथे थांबणं भाग पडेल तिथे थांबायचं. त्यात आपलं घर खाली आलं. रविवारी मुलांचे चेहरे तुटायला लागले. मी तुझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाही आणि तू ते लक्षात आलं नसल्यासारखं केलंस.

मग मला तुझ्या पद्धतीतलं एक भोक सापडलं. तुला आठवत असेल. तू अंगणात मेथी निवडत बसली होतीस. मी म्हटलं, "समजा शेवटचं घर असं आहे की कितीही दिलं तरी त्याचं सुधारतच नाही. मग तू बाकीच्या नऊ घरांचं काढून काढून त्याला देत राहशील, आणि तिथे तरी काय पोचेल? सगळेच बुडतील." तुझा हात थांबला. तू हातातली जुडी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "हाव. हे खरं बोलली तू. विचार करून सांगीन."

इतक्या वर्षांत माझं म्हणणं तू पहिल्या फटक्यात मान्य केलंस, आणि उत्तर न देता निघून गेलीस. याचा राग मला अजून आहे. दुःख आहे ते वेगळं. राग या गोष्टीचा आहे.

तुला माझं रडणं कधी दिसलं नाही, असं तू म्हणायचीस. तुझे दादा गेले त्या दिवशी मी कोरड्या डोळ्यांनी कोण कुठे झोपणार याची व्यवस्था लावत होते. गाद्या मोजत होते. तू मागून आलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तू इंग्रजीत रडते का? ऐकूच येत नाही." मी तिथेच गाद्यांच्या ढिगावर बसले आणि चांगली हुंदके देऊन रडले. दुसऱ्याच महिन्यात तू गोंदियातली खोली सोडून तुझी सोल्डरिंगची पेटी आणि दोन सुटकेस घेऊन आलीस. मी बोलावलं नव्हतं. तू विचारलं नव्हतंस. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, नणंद घरात घेतलीस, आता बघ. बघितलं. फार बरं झालं, इंदू. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "इंग्रजीत सांग, मंग खरं वाटंन."

आता निलेशचं. चहा पिऊन झाल्यावर त्यानं खरं काम काढलं. रोवणी लागली, शेतांच्या बांध्यांत चोरखमारा तलावाचं पाणी चढलं. पाण्यावरूनही लाटा उसळतात, म्हणून उन्हाळ्यातली जुळणी पावसाळ्यात चालत नाही, हे तूच शोधलं होतंस. दर हंगामाला नवी मोजणी. या वेळची करायच्या आधीच तू गेलीस. पाटी अजून उन्हाळ्याच्याच जुळणीवर उभी होती आणि पार्वताच्या घरी रोवणी लागल्यापासून नेट नव्हतं.

"मॅडम होत्या तोवर ठीक होतं," तो म्हणाला. "आता इथं कोण बघणार? कॉलेजचे सर म्हणाले, पाटी परत आणून लॅबमध्ये जमा करा."

"कोण बघणार म्हणजे? मी बघणार."

"आपण?"

"तुझ्या मॅडमकडे तू आलास तेव्हा तुला काय येत होतं?"

तो हसला. तू गेल्यावर पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं. "मॅडम सबको बोलते थे, सोल्डरिंग आयर्न का कौनसा सिरा पकड़ना है, इसको मैंने वहाँ से सिखाया."

"मग मला धरायचं टोक दाखव."

शेवटी असं ठरलं. या हंगामाची मोजणी माझ्या देखरेखीखाली. दहाही घरांना नेट लागलं तर तो सरांना सांगणार की इथे बघणारं माणूस आहे, पाटी राहू द्या. एक घर जरी सुटलं तरी पाटी उतरवून तो गाडीत घालणार. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. उसनी वस्तू आहे, त्याचाही नाइलाज.

काल सकाळी मी शाळेतल्या दिवसांची पी.टी.ची शिट्टी काढली, गळ्यात अडकवली आणि घरोघर फिरले. दारात उभी राहून प्रत्येकीला एकच सूचना: "मोजणी होईपर्यंत झाडायचं नाही, सारवायचं नाही, घरातली एक वस्तू हलवायची नाही."

पार्वता कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आयक वं! ज्या बाईनं आपल्याले आंगण झाडाचं शिकवलं, थेच बाई सांगून राहिली का घर झाडू नका! आता उलट्या पावलानं चालाचं शिकवन का काय!"

मुलांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. पहिल्या मोजणीच्या दिवशी तू आणि निलेश घरोघर जाणार, कॉलेजची आणखी दोन माणसं येणार, ही बातमी आधीच टोलीत पोचली होती. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? प्रत्येकीनं घर रिकामं केलं. भिंतीवरच्या स्टीलच्या मांडण्या खिळ्यावरून उतरवल्या, ताटं, डबे, पेले सगळं अंगणात राखेनं घासून उन्हात पालथं घातलं, खोल्या सारवल्या. मीही. मी तर दोन दिवस आधीपासून. तुम्ही मोजलंत ती दहा रिकामी घरं. जुळणी सुंदर लागली, टाळ्या झाल्या, पाहुणे गेले. मग बायांनी मांडण्या परत टांगल्या, आणि टोलीतलं निम्मं नेट गेलं.

तू दोन दिवस टाकीवर चढून पाटीत बिघाड शोधत होतीस. चौकोन न् चौकोन तपासलास. तिसऱ्या दिवशी दमून पार्वताकडे पाणी प्यायला बसलीस आणि म्हणालीस, "त्या दिवशी तं बरोबर लागून राह्यलं होतं, आता काऊन नाही?" ती सहज बोलली, "त्या दिवशी घरात होतंच काय, बाई? भांडे सारे आंगणात होते. पाहुणे गेले, मंग आता भांडे घरात नाही आणू का?" तू पेला हातात धरून समोरच्या मांडणीकडे बघत बसलीस. खिडकीतून आलेली लाट त्या चकचकीत ताटांवर आपटून भलतीकडेच जात होती, ते तेव्हा तुझ्या लक्षात आलं. घरी येऊन तू इतकी हसलीस की मला वाटलं तुला ऊन लागलं. "वहिनी," तू म्हणालीस, "आमी सारं मोजलं, आन् पाहुणचार मोजाचा राह्यला."

म्हणून कालचा माझा हुकूम. सगळ्यांचे फोन रोजच्या जागी, खिडकीच्या फळीवर. निलेश कॉम्प्युटर घेऊन शाळेत. मी टेकडीच्या अंगाला, जिथून शिट्टी दोन्हीकडे ऐकू जाते. एक शिट्टी म्हणजे सुरू. दोन म्हणजे थांब, पुन्हा पहिल्यापासून. तुझं सगळं शास्त्र मला कळतं असं नाही, पण माणसांना एका वेळी एका जागी गप्प बसवायचं काम मी आयुष्यभर केलं आहे.

मोजणी झाली. नऊ घरं लागली. पार्वता नाही.

निलेश टेकडी चढून वर आला. "मोठ्या मॅडम, मशीन बाकी सगळ्यांचं काढून त्या घराला देत चाललं आहे, आणि तिथे काही चढतच नाही. आणखी चाललं तर सगळेच बसतील."

इंदू, माझंच म्हणणं माझ्या पुढ्यात येऊन बसलं होतं. मेथीच्या जुडीवर तुला विचारलेला प्रश्न. मी तेव्हा जिंकले होते, आणि काल त्या जिंकण्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

तो हळू आवाजात म्हणाला, "एक घर सोडून देऊ. सरांना मी काहीतरी सांगून बघतो. आणि मॅडमचा फोन काढला की बरंच मोकळं होईल. मॅडमची खोली मागच्या बाजूला, तिलाही पाटी बरंच देत होती. ते आपल्या घराकडे वळवून देतो. आपण आता एकट्या आहात. रविवारी नातवंडं तरी नीट दिसतील."

खोटं कशाला बोलू? मला मोह झाला. ईशानचा पुढचा दात पडला आहे असं त्याची आई म्हणाली होती, आणि मला तो पडद्यावर दिसला नव्हता. नुसते चौकोन चौकोन दिसले होते.

मग मी म्हटलं, "तू शाळेत जाऊन बस. मी पार्वताकडे जाऊन येते. दोन शिट्ट्या ऐकल्या की पुन्हा मोज."

पार्वताच्या दारात उभी राहिले तेव्हा ती चुलीपुढे होती. आत पाऊल टाकलं आणि पहिल्याच नजरेत दिसलं. खिडकीसमोरची भिंत बोडकी. मांडणी खिडकीच्याच भिंतीला, फोनच्या बाजूला टांगलेली.

"पार्वता, मांडणी हलवायची नाही असं सांगितलं होतं ना?"

"आज कुठं हलवली, बाई? पाणी लागलं तवाच हलवली. थे भित वली झाली, खिळा निघून येऊन राह्यला. ताटं काय माया डोक्यावर ठिवू?"

खरं होतं. उन्हाळ्याच्या जुळणीत तू ती समोरची मांडणी धरूनच हिशेब केला होतास. आता लाट खिडकीतून आत यायची आणि समोरच्या ओल्या मातीच्या भिंतीत जिरून जायची. पाटी टेकडीवरून कितीही ओतत राहिली तरी घरात धरून ठेवायला काही नव्हतं.

"ही मांडणी परत समोर हवी," मी म्हटलं.

"खिळा कायमंदी ठोकता? चिखलात?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात तिची धानाची टिनाची कोठी होती. आम्ही दोघींनी ती ढकलत ढकलत ओल्या भिंतीपुढे आणली. मग ताटं उतरवली, मांडणी कोठीवर खिडकीकडे तोंड करून उभी केली, मागून दोरीनं वाशाला बांधली, आणि ताटं पुन्हा लावली. पार्वता सारखी पुटपुटत होती, "पाहुणे आले तं म्हनतीन, हे बाई कोठीवर संसार मांडून बसली." लुगड्याचा काष्टा घट्ट करून तीच पुढे होती मात्र. मला तिनं एकदाही जड टोक धरू दिलं नाही.

मी परत टेकडीच्या अंगाला येऊन दोन शिट्ट्या वाजवल्या.

या वेळी लागलं. पण जेमतेम. निलेशनं पुन्हा वर येऊन सांगितलं, आवाज पोचेल, चित्र नाही. "आणखी देतो म्हटलं तर कोणाचं काढू?" मग त्यानं परवाचाच प्रश्न विचारला. "मॅडमचा काढू?"

मी म्हटलं, "तू नको. मी करते."

घरी आले. तुझ्या खोलीत गेले. फोन उचलला. पडद्यावर भरलेल्या बॅटरीचं चिन्ह होतं, रोजच्या चार्जिंगचं. तू नसलेल्या खोलीकडे पाटी इतके दिवस तिचा वाटा पाठवत होती आणि मी तो घेत होते, तुझ्या वतीनं, कोणाच्याही उपयोगाचा नसताना. इंदू, हे मी तुझ्यावरच्या मायेनं केलं, पण तुझ्या पद्धतीत हे बसत नाही. सर्वांत कमी कोणाला मिळतं, ते आधी बघायचं. तुला आता काहीच कमी नाही.

मी बटण दाबून धरलं. बंद करायचं का, असं त्यानं विचारलं. हो म्हटलं.

परत टेकडीवर जाऊन पुन्हा शिट्टी. निलेशनं वर येऊन विचारलं, "सुटलेला वाटा कोणाला देऊ? आपल्याला?"

"पद्धत तुझ्या मॅडमचीच ठेव," मी म्हटलं. "मधे काही घालू नकोस."

दिवेलागणीच्या आधी मी पार्वताकडे कोठीची दोरी नीट आहे का ते बघायला गेले होते. खरं सांगायचं तर फोन लागतो का ते बघायला गेले होते. ती भाकर थापत होती, तेवढ्यात फळीवर फोन वाजला. पीठभरल्या हातानं तिनं तो उचलला. पडद्यावर तिचा नवरा, मागे ढाब्याची बाज आणि ट्रकचं चाक. तो बायकोला काय म्हणाला, ऐक.

"हे मांडणी कोठीवर काऊन चढवली वं? पडंन ना!"

पार्वता मागे वळून मांडणीकडे बघायला लागली, मग फोनकडे. "तुमाले मांडणी दिसून राह्यली?"

"दिसून राह्यली म्हणून तं बोलून राह्यलो. माहं ताट खालच्या कप्प्यात काऊन ठिवलं?"

"घरी या आन् वर ठिवा!" ती म्हणाली. आणि मग तिनं फोन तोंडासमोरून दूर केला, पदरानं नाक पुसलं, आणि तो पुन्हा समोर धरून त्याला भिंत दाखवायला लागली, ओल कुठवर चढली आहे ती. मी निघून आले.

तर इंदू, तू विचार करून सांगीन म्हणाली होतीस, ते उत्तर हे असावं. शेवटच्या घराचं सुधारत नाही असं पाटी सांगायला लागली, की पाटी फिरवत बसायचं नाही. उठून त्या घरात जायचं आणि बघायचं. तुझ्या डोक्यात हेच होतं की आणखी काही, मला कधीच कळणार नाही. तू काहीतरी याहून टोचणारं बोलली असतीस. आणि एक सांगून ठेवते, वेळापत्रकाचं मी अजून सोडलेलं नाही. परीक्षेच्या दिवसांत टोलीतल्या पोरांना एकेक तास पूर्ण पाटी द्यावी, असं माझं मत आहे. त्यावर तुझं काय म्हणणं असेल ते मला माहीत आहे, आणि मला ते पटलेलं नाही. भांडण चालू आहे.

निलेश आज सकाळी गेला. पाटी गेली नाही. गाडी रिकामी नेताना तो म्हणाला, "मोठ्या मॅडम, अगली बार शिट्टी थोडी धीरे." मी म्हटलं, "पुढच्या वेळी तू वेळेवर ये."

मुग्धा, ईशान, आता तुमच्याशी. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा माझा चेहरा मध्येच थांबेल. डोळे मिटलेले, तोंड उघडं, काहीही दिसेल. घाबरायचं नाही आणि फोन ठेवायचा नाही. आवाज येत राहील. दात पडल्याचं मला तोंडी सांगायचं, कोणता, वरचा की खालचा, आणि रक्त किती आलं. मी विचारीन, तुम्ही सांगायचं. तुमच्या बाबांनी काल विचारलं, "आई, तुझ्या घराला वळवून घ्यायला काय हरकत होती?" त्यांना हे वाचून दाखवा.

आणि इंदू, तुझा फोन फळीवरच आहे, बंद. चार्जर मी काढून पार्वताला दिला. तिचा वायरीपाशी तुटला होता. पुढची मोजणी धान पिवळं पडून बांध्यांतलं पाणी उतरल्यावर. शिट्टी खुंटीला अडकवून ठेवली आहे. त्या दिवशी टोलीत कोणाच्याही हातात झाडू दिसला, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी,
वहिनी